नरूचा खटला

आमच्या घरी मराठी पुस्तकं पोस्टानं येत. पोस्टमन गल्लीच्या तोंडाशी सायकल लावी, कारण पुढं सायकल शिरत नसे, आणि तिथूनच "पूना का पार्सल" अशी हाळी देई. ती ऐकली की माझी धाकटी बहीण रेवा जेवणाच्या पाटावरूनसुद्धा उठे. पार्सल मात्र दत्तूमामाच उघडायचा. सुतळी कापायची नाही, सोडवायची, असा त्याचा दंडक होता. वरचा कागद पुण्याच्या जुन्या वर्तमानपत्राचा असे. त्याची घडी घालून मामा आईला देई, आणि आई कणीक भिजवायच्या आधी उभ्याउभ्याच महिन्यापूर्वीच्या पुण्यात कुणाची लग्नं ठरली, कुठं पाणी आलं नाही, ते वाचून घेई. ती पुण्याला आयुष्यात दोनदाच गेली होती.

तुम्ही दोघं तिकडे इतके लांब वाढता आहात की हे सगळं क्रमानं सांगायला हवं. घर बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत होतं आणि ते आईच्या माहेरचं. आई आणि दत्तूमामा ही भावंडं काशीतच जन्मली, वाढली. तुमचे पणजोबा, म्हणजे माझे वडील, त्यांना आम्ही आण्णा म्हणत असू, ते साताऱ्याकडचे. कॉलेजात इंग्रजी शिकवायला म्हणून इकडे आले आणि लग्नानंतर याच घरात राहिले. मामानं लग्न केलं नाही. तो विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोकरीला होता. सकाळी मेतकूट-भात खाऊन जायचा, संध्याकाळी येताना कधी कचोरी, थंडीत मातीच्या कुल्हडातून दुधाच्या फेसाचं गोड मलइयो आणायचा. बोलायचा थोडं. पण पुस्तक हातात आलं की त्याच्या गळ्यातून दहा माणसं बोलू लागत.

रविवारी दुपारी जेवणं आटोपली की आमच्या पुढच्या खोलीत वाचन चाले. गल्लीतली सगळी मराठी मुलं येत. ती घरी मराठी बोलत, पण शाळेत, रस्त्यावर, आपापसात हिंदीच. पुस्तकातली मराठी त्यांना अर्धीच कळे. मामा वाचता वाचता थांबून सांगे, ओढा म्हणजे नाला, पार म्हणजे झाडाखालचा चबूतरा. वीज जाऊन पंखा थांबला की आई दारं उघडून देई, आणि खालून पंडे, नाववाले, मंदिराची घंटा, कुणाच्या तरी टीव्हीवरची गाणी, हे सगळं त्या शिंदीवाडी नावाच्या गावात मिसळून जाई.

मालिकेचं नाव होतं ‘शिंदीवाडीची चौकडी’. दर वर्षी एक नवं पुस्तक. माधव, शकू, बाळ्या आणि नरू अशी चार मुलं. पहिली तिघं होती तशी मुलं सगळ्याच पुस्तकांत असतात: शूर, हुशार, दिलदार. नरू तसा नव्हता. तो दुसऱ्याच्या डब्यातला लाडू आधी संपवायचा. अंधाराला भ्यायचा. पकडला गेला की खोटं बोलायचा आणि खोटं पकडलं गेलं की रडायचा. तरी प्रत्येक वेळी चौकडी त्याला बरोबर घेऊन निघायची. का घेतात, यावरून आमच्याकडे दर रविवारी भांडण. पटवर्धनांची वृंदा माझ्या वर्गातली, वकिलीला जायचं तिचं तेव्हाच ठरलं होतं. ती म्हणे, हा पोरगा माझ्या गल्लीत असता तर मी त्याला घाटावरून ढकलला असता. रेवाला नरूची दया येई, पण तू त्याच्यासारखी आहेस म्हटलं की ती चावायला धावे. आईला तो आवडे, कारण तो सतत भुकेला असे. आण्णा चष्मा पुसत म्हणत की या चौघांत माणूस काय तो तोच आहे, बाकीचे तीन पुतळे आहेत. मला स्वतःला तो नकोसा वाटे, आणि तो पानावर नसला की मी पुढची पानं चाळून तो कुठं येतो ते बघत असे. एका वर्षी लेखकानं नरूला आजोळी पाठवून दिलं आणि पुस्तक तिघांवरच लिहिलं. ते आमच्याकडे कुणाला पूर्ण ऐकवलं नाही. मुलं पेंगू लागली, मामानं ते मिटून ठेवलं.

पुढच्या वर्षी नरू परत आला, आणि त्याच पुस्तकात त्यानं ते केलं. ओढ्याला पूर आलेला असतो. माधव आणि नरू हात धरून पलीकडे जात असतात, माधवचा पाय निसटतो. नरू त्याचा हात झटकून टाकतो आणि काठ गाठतो. गावात जाऊन सांगतो की माधवनं आपणच हात सोडला. माधव पुढं सापडतो, पाय मोडलेला, पण जिवंत. मुलांचंच पुस्तक ते. नरू रडतो, आणि माधव मोठ्या मनानं त्याला क्षमा करतो.

ते प्रकरण मामानं वाचलं तेव्हा त्यानं एकाही पात्राचा आवाज काढला नाही. एका पट्टीत भराभर वाचत गेला, ओढा म्हणजे नाला हेही सांगितलं नाही. मुलं इतकी चिडली होती की हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. मला आज आठवतं, इतकंच.

आमच्या मराठी वस्तीत गणपतीचे दहा दिवस घाटाजवळच्या सभागृहात कार्यक्रम असत. एका संध्याकाळी कीर्तन, एका संध्याकाळी नाटुकलं, बायकांची मंगळागौरीची गाणी, आणि एक संध्याकाळ अभिरूप न्यायालय. म्हणजे खोटा खटला. न्यायाधीश, वकील, पुकारा करणारा, सगळं खऱ्यासारखं, आणि आरोपी व्हायचा नेहमी कुणीतरी मोठा माणूस, कारण मोठ्या माणसाला पिंजऱ्यात उभं केलेलं बघायला सगळ्यांना मजा येई. एका वर्षी सासूवर खटला झाला होता, एका वर्षी बटाट्यावर. सासू झालेल्या जोशीकाकांनी नऊवारी नेसून साक्ष दिली होती. शेवटी लोकांनी हात वर करून निकाल द्यायचा आणि मग आरती. त्या वर्षी मुलांनी एकमुखानं सांगितलं, नरूवर खटला भरायचा. आण्णा न्यायाधीश. वृंदा फिर्यादी पक्षाची वकील. बचावाला कुणी उभं राहीना, म्हणून चिठ्ठ्या टाकल्या, आणि चिठ्ठी नेमकी रेवाच्या नावाची निघाली. ती दोन दिवस रुसून बसली. मी पुकारा करणार होते.

आता जे सांगते ते त्या वेळी मला ठाऊक नव्हतं. नंतर आईनं सांगितलं.

आमच्या समोरच्या घरात गोदूकाकू राहायच्या. त्यांचा धाकटा मुलगा अरविंद आणि दत्तूमामा एका वयाचे, एका पाटीवर शिकलेले. कॉलेजात असताना दोघं भादव्यात गंगेपलीकडे रामनगरला गेले होते. परतताना नावेत माणसं जास्त झाली आणि मधल्या धारेत ती कलंडली. बरेच जण वाचले. मामा वाचला. अरविंद पुढं राजघाटाच्या पुलाखाली सापडला. मणिकर्णिकेवर अग्नी देऊन सगळे परत आल्यावर गोदूकाकूंनी आमच्या उंबऱ्यात उभं राहून मामाला एकच विचारलं, "तू जवळ होतास ना रे?" मामा उंबऱ्याकडे बघत राहिला. त्या परत फिरल्या. त्यानंतर वीसेक वर्षं त्या मामाशी बोलल्या नाहीत. आईशी बोलत, हळदीकुंकवाला बोलावत, आम्हा मुलींच्या वेण्यासुद्धा घालून देत. मामा समोरून आला की भिंतीकडे तोंड करत. आमची गल्ली इतकी अरुंद की दोघांपैकी एकाला थांबावंच लागे, आणि थांबायचा तो मामा. आम्हा मुलींना वाटे, म्हातारी सोवळ्यात असते म्हणून.

तेव्हा असं झालं की वस्तीतल्या ज्या थोरांना नावेची गोष्ट ठाऊक होती त्यांनी पुस्तक वाचलं नव्हतं, आणि ज्या मुलांनी पुस्तक वाचलं होतं त्यांना नावेची गोष्ट कुणी सांगितली नव्हती. आण्णांना नाव उलटल्याचं माहीत होतं, पण ते बाहेरचे, त्यांनी कधी खोदून विचारलं नाही. आई रविवारी स्वयंपाकघर आवरता आवरता ऐकायची, तिच्या कानावर नरूचे लाडू पडले होते, पूर पडला नव्हता. दोन्ही गोष्टी पुरत्या ठाऊक असलेला माणूस एकच होता.

नरू व्हायचं होतं बँकेतल्या परांजप्यांना. त्यांनी अर्धी चड्डीसुद्धा शिवून घेतली होती. त्यांना आदल्या दिवशी ताप भरला. संध्याकाळी आमच्याकडे सगळे डोकं धरून बसले असताना मामा चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, "मी उभा राहतो." रेवानं त्याच्या गळ्यात उडी मारली. नरूचा आवाज त्याच्याइतका कोण काढणार? आई मात्र हातातली गाळणी तशीच धरून त्याच्याकडे बघत राहिली. तो स्टेजवर जाणाऱ्यांतला नव्हता. बक्षीस समारंभाला गेला तरी शेवटच्या रांगेत, दाराशी बसे.

त्यानं असं का केलं, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. कधी वाटतं, तो रेवाला अडचणीतून काढायला गेला. कधी वाटतं, इतकी वर्षं त्याला कुणी पिंजऱ्यात उभं केलं नाही, म्हणून तो स्वतः जाऊन उभा राहिला.

त्या संध्याकाळी सभागृह भरलं होतं. तळणीच्या मोदकांचा वास, उदबत्ती, ओल्या चपलांचा ढीग. पुढच्या रांगेत खुर्च्यांवर म्हाताऱ्या बायका, त्यांत गोदूकाकू. त्या दर वर्षी खटल्याला येत आणि पदर तोंडाला लावून हसत. मी तीनदा पुकारा केला, "शिंदीवाडीचे नरहरी हाजिर हो", आणि मामा आला. ती अर्धी चड्डी घातली नव्हती, रोजचाच पायजमा-शर्ट, फक्त डोक्यावर मुलाची टोपी. आल्या आल्या त्यानं नरूच्या रडक्या आवाजात विचारलं की आधी नैवेद्य होणार की खटला, आणि लोक हसून लोटपोट झाले. गोदूकाकू हसल्या नाहीत. त्यांनी मान वळवली.

सुरुवातीला सगळं छान चाललं. वृंदानं लाडवांचा आरोप काढला, मामानं लाडू आपणहून तोंडात आला असं सांगितलं. रेवानं हरकत घेतली, घाईत ती हिंदीत घसरली आणि "जजसाहेब, ये तो सरासर झूठ है" म्हणाली, तेव्हा आण्णांनी न्यायालयाची भाषा मराठी आहे अशी समज दिली. मग वृंदा पुराच्या प्रकरणावर आली. तिनं विचारलं की माधवचा हात तू सोडलास की त्यानं. पुस्तकात नरू इथं खोटं बोलतो, आणि मामा आता काय गंमत करतो म्हणून मुलं पुढं सरकली.

मामा म्हणाला, "मी सोडला."

"का?"

"मला बुडायचं नव्हतं."

थोडं हसू उठलं. आवाज अजून नरूचाच होता, पण त्यातला रडका सूर गेला होता. वृंदा हुशार मुलगी, तिला वाटलं मामा नवीनच काही रचतो आहे, आणि तिनं धागा पकडला. माधव तेव्हा ओरडत होता का, असं तिनं विचारलं.

"हो. माझं नाव घेऊन."

"पुस्तकात तो ‘वाचवा’ म्हणतो."

"पुस्तकात म्हणत असेल. पाण्यात माणूस जो जवळ असतो त्याचं नाव घेतो."

"मग तू मागं वळून पाहिलंस?"

मामानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "नाही," तो म्हणाला. "वळलो असतो तर परत जावं लागलं असतं. मी काठाकडे बघून पोहत राहिलो. हाका येत होत्या. मग थांबल्या."

आता तो स्वतःच्या आवाजात बोलत होता. मागं बसलेली लहान मुलं अजून हसत होती, पण पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या एकदम निश्चल झाल्या. आण्णांनी पेन खाली ठेवलं. आई बायकांच्या घोळक्यातून उठून उभी राहिली आणि तिला पुढं जाता येईना, मागंही येईना. वृंदाच्या हातात पुढच्या प्रश्नांचा कागद होता, तिनं त्यावरचा प्रश्न वाचला, आणि विचारला नाही. रेवाला काही कळलं नव्हतं. पण बारा वर्षांच्या मुलीला जे कळायचं ते कळतं. तिनं बचावाचं भाषण पाठ केलं होतं. ते न करता ती पिंजऱ्यापाशी गेली, मामाचा हात धरला आणि हळूच म्हणाली, "मामा, घर चलें?"

हात वर करून निकाल घ्यायचा राहून गेला. आण्णांनी उठून, आता आरती करू या, एवढंच सांगितलं. टाळ वाजू लागले. त्या गर्दीत मी गोदूकाकूंना शोधलं. त्या बसूनच होत्या, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून, आणि तबक समोर आलं तेव्हा त्यांनी ज्योतीवर हात धरला नाही.

दुसऱ्या दिवशी मामा कामावर गेला नाही. आईनं फोडणीची पोळी केली, ती त्याला आवडे. त्यानं ती खाल्ली. कुणी कालचं काढलं नाही. आमच्याकडे दुःखाची पद्धत अशीच, ताट वाढायचं आणि बोलायचं हवेबद्दल. आण्णा म्हणाले, पाणी आणखी दोन पायऱ्या चढलं. म्हणाले आणि चष्मा पुसू लागले.

दुपारी दार वाजलं. गोदूकाकू होत्या. वीस वर्षांत प्रथमच त्या मामा घरात असताना आमचा उंबरा ओलांडत होत्या. आईनं पाट मांडला, पाणी ठेवलं. त्या बसल्या, पण पाणी घेतलं नाही. मी स्वयंपाकघराच्या दारात होते. मला आत जा म्हणायला कुणी भानावर नव्हतं.

त्या मामाकडे बघून म्हणाल्या, "काल बोललास ते त्या पुस्तकातल्या पोराचं, की माझ्या अरविंदाचं?"

मला वाटलं, आता तो म्हणेल, काकू, ते पुस्तकातलं होतं. तसं म्हणणं सोपं होतं. सगळी वस्ती ते मानायला तयार होती, सकाळपासून लोक एकमेकांना तेच सांगत होते की दत्तूनं काम काय सुरेख केलं. आईसुद्धा त्याच्याकडे तशाच नजरेनं बघत होती. एवढं म्हण, आणि सुटू दे.

"अरविंदाचं," मामा म्हणाला.

"तुझं नाव घेत होता?"

"हो."

"आई म्हणाला का? एकदा तरी?"

तुम्ही मोठे व्हाल तेव्हा तुम्हाला कळेल की इथं खोटं बोलणं हेच कुणीही दयेचं म्हटलं असतं. मी स्वतः त्याच्या जागी असते तर बोलले असते.

"नाही, काकू," तो म्हणाला. "मलाच हाका मारत होता."

गोदूकाकूंनी डोळे मिटले. खाली घाटावर कुणी कपडे आपटत होतं, तो आवाज येत राहिला. मग त्या बोलल्या, मामाशी नव्हे, आईशीही नव्हे. "मला वाटायचं, आई म्हणून ओरडला असेल. मी त्या वेळी गच्चीवर धुणं वाळत घालत होते. मला ऐकू आलं नाही असं वाटायचं. रोज रात्री अंथरुणावर पडलं की वाटायचं. पडल्या पडल्या ओ देत होते मी इतकी वर्षं."

मामा खाली बसला आणि त्यांच्या पायांकडे हात नेला. त्यांनी पाय मागं घेतले.

"नको," त्या म्हणाल्या. "माफी मागू नकोस, ती माझ्यापाशी नाही. सांगितलंस ते बरं केलंस." आईच्या खांद्यावर हात टेकून त्या उठल्या. दारात थांबून म्हणाल्या, "मला नव्हता तो बोलवत. तुला बोलवत होता. आता तुझं तुझ्यापाशी."

त्या वर्षीच्या थंडीत गोदूकाकू दुपारच्यासुद्धा गाढ झोपू लागल्या. त्यांची सून आईला कौतुकानं सांगे की सासूबाई आताशा घोरतात. गल्लीत मामा समोर आला की त्या भिंतीकडे वळत नसत, सरळ बघत पुढं जात. बोलल्या कधीच नाहीत. पुण्याहून पुढच्या वर्षीचं पुस्तक आलं, ते रेवानं कोपऱ्यात बसून एकटीनं वाचलं. नरू त्यात सुधारला होता. तिला तो आवडला नाही.

आणि मामा जेवता जेवता मधेच थांबायचा. घास हातात, मान किंचित एका बाजूला. ही त्याची सवय आमच्या जन्माआधीची. लहानपणी आम्ही दोघी त्याची नक्कल करून हसत असू, आणि आई दर वेळी विचारी, काय रे दत्तू, काय झालं? त्या दुपारनंतर आईनं ते विचारणं सोडलं. तो थांबला की आम्हीही सगळे थांबायचो, भाताचं ताट पुढ्यात घेऊन, तो पुन्हा जेवू लागेपर्यंत.